विनयासाठी हलका लॅपटॉप

सुधाकर नवाथ्यांना आजवर कुणी फसवू शकलं नव्हतं, आणि याचा त्यांना भलताच अभिमान होता. केंद्र सरकारच्या एका खात्यात, खरेदी विभागात, त्यांनी उभी हयात काढली. पंख्यांपासून फोटोकॉपीच्या मशिनींपर्यंत काय काय त्यांच्या हाताखालून गेलं. पुरवठादार कितीही गोड बोलला तरी वस्तू मोजून, तोलून, चालवून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही. निवृत्त झाल्यावर माणसाने असल्या सवयी ऑफिसच्या कपाटात ठेवून यावं. नवाथे त्या बरोबर घेऊन आले. दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीत पाण्याचा पंप बदलायचा असो की लिफ्टचं कंत्राट द्यायचं असो, नवाथेसाहेबांनी पास केलं म्हटलं की विषय संपायचा. घरातला मिक्सरसुद्धा तीन दुकानांत चालवून, आवाज ऐकून, हमीची बारीक अक्षरं वाचून आलेला. त्यांची बायको विनया याला घरचं टेंडर म्हणायची आणि हसून सोडून द्यायची.

विनयाला लॅपटॉप हवा होता तो कामासाठी. मुलगी वल्लरी नोकरीला लागून गाझियाबादला राहायला गेली, घर रिकामं झालं, तेव्हा विनयाने भाषांतराची कामं घ्यायला सुरुवात केली. कोपर्निकस मार्गावरच्या राज्य सरकारच्या जुन्या अतिथिगृहात मुंबईहून अधिकारी यायचे, बैठका व्हायच्या, हिंदीतलं निवेदन तासाभरात मराठीत लागायचं. मग तिला फोन जायचा. ती मेट्रोने जायची, कोपऱ्यातल्या एका टेबलाशी बसून टाइप करायची, तिथल्या कॅन्टीनचे पोहे खायची आणि संध्याकाळी उजळलेल्या चेहऱ्याने घरी यायची. दिल्लीत इतकी वर्षं मिसेस नवाथे म्हणून राहिलेल्या बाईला तिथे सगळे विनयाताई म्हणत. आणि आता जानेवारीत कोल्हापूरला नव्या भाषांतरकारांचं शिबिर होतं. तिथे शिकवायला तिला बोलावणं आलं होतं. एवढा लांबचा प्रवास एकटीने, स्वतःचं सामान स्वतः उचलून, ती आयुष्यात पहिल्यांदा करणार होती.

जुना लॅपटॉप म्हणजे निव्वळ धोंडा होता. तो खांद्यावर घेऊन कोल्हापूर गाठणं शक्य नव्हतं. “अहो, मला एक हलका घेऊन द्या,” ती म्हणाली. “फार महाग नको, पण हलका.”

नवाथ्यांना यापेक्षा मोठा सण नव्हता. ऐन जूनच्या उन्हात ते नेहरू प्लेसच्या फेऱ्या मारू लागले. दुकानदार पातळ, चकचकीत मशिनी पुढे करायचे, हे त्या पालथ्या करून बिजागऱ्या बघायचे. झाकण एका कोपऱ्याला धरून उचलायचे, प्लास्टिक करकरतं का ते ऐकायचे. अखेर एक राखाडी रंगाचा, स्वस्तातला, पण चणीने बेताचा लॅपटॉप त्यांनी पसंत केला. पसंत म्हणजे तात्पुरता. परत करायची मुदत आहे तोवर कुठलीही वस्तू आपली नाही, हे त्यांचं जुनं तत्त्व होतं.

मग घरी चाचण्या सुरू झाल्या. बॅटरी किती टिकते ते पाहायला दिवसभर त्यावर भजनं लावून ठेवली. भर दुपारी बाल्कनीत नेऊन पडदा उन्हात दिसतो का ते पाहिलं. मांडीवर घेऊन बसले आणि पायजमा किती तापतो त्याचा अंदाज घेतला. कंपन्या वजन सांगतात ते चार्जर सोडून, हे तर त्यांना तोंडपाठ होतं. म्हणून ते लॅपटॉप, चार्जर आणि पाऊच असा सगळा संसार घेऊन गेटबाहेरच्या भाजीच्या बूथवर गेले आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. “अंकल, इसका क्या भाव लगाऊँ?” भाजीवाला म्हणाला. रांगेतल्या बायका हसल्या. चार्जर आणि पाऊच वेगळे तोलून वजा केल्यावर आकडा कंपनीने छापलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळला, आणि नवाथे लढाई जिंकल्यासारखे घरी आले.

विनया तो घेऊन एकदा कोपर्निकस मार्गाला जाऊन आली आणि म्हणाली, जड आहे हो.

नवाथ्यांना वाटलं, ती चार्जरबद्दल बोलते आहे. तिने चार्जर नेलाच नव्हता. मग त्यांना वाटलं, बॅग वाईट असेल, पट्टा चुकीच्या जागी बसत असेल. त्यांनी पाठीवर घ्यायची रुंद पट्ट्यांची सॅक आणली. विनया सॅक घेऊन गेली आणि आल्यावर पुन्हा तेच म्हणाली. मेट्रोच्या तपासणीत मशीनच्या सरकत्या पट्ट्यावरून सॅक उचलताना डावा हात मध्येच सुटतो. मागच्या बायका आगे बढ़िए मॅडम म्हणून ढकलतात. उजव्या हाताने ओढून घ्यावी लागते. हे सांगताना तिचा आवाज जरा खाली गेला होता. नवाथ्यांनी ऐकलं ते एवढंच, की सॅकला वरची मूठ नीट नाही.

त्यानंतर कीबोर्डची तक्रार आली. डावीकडच्या कळा नीट दाबल्या जात नाहीत, असं विनयाचं म्हणणं होतं. मराठी टाइप करताना काना-मात्रा डाव्या हाताखाली येतात, आणि तिच्या पानांवर ते गळायला लागले होते. पान पुन्हा पुन्हा वाचून दुरुस्त करावं लागे, तासाच्या कामाला दुपार जाई. ही तक्रार मात्र नवाथ्यांना आवडली. कारण कळ दाबली जाते किंवा नाही, हे तपासता येतं. त्यांनी स्वतः बसून डावीकडची एकेक कळ दाबली. सगळ्या चालल्या. तरी बायकोच्या शब्दाला मान म्हणून ते सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या पोऱ्यासारख्या दिसणाऱ्या इंजिनिअरने प्रोग्राम लावून सगळा कीबोर्ड तपासला आणि, सर, बिल्कुल परफेक्ट है, म्हणून परत दिला. तरीही मुदत होती म्हणून नवाथ्यांनी ते मशीन परत केलं आणि दुसऱ्या कंपनीचं आणलं. हे पहिल्यापेक्षाही हलकं होतं.

दुसऱ्यावरही डावीकडच्याच कळा बसेनात. दुसरंही जडच होतं.

इथे खरं तर नवाथ्यांच्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. हाच माणूस, ऑफिसात एकदा तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे पंखे एकाच खोलीत जळायला लागले, तेव्हा पंखे परत पाठवायला निघालेल्या साहेबाला म्हणाला होता की पंखे राहू द्या, भिंतीतली वायर तपासा. त्या गोष्टीवर त्याने पुढे कितीतरी वर्षं वाहवा मिळवली. पण घरात डोकं चालवायची त्याला सवय नव्हती. घरात त्याला फक्त निकाल द्यायची सवय होती.

आणि निकाल तयार होता. विनयाचं मन त्या जुन्या धोंड्यात अडकलंय, नवं काही शिकायचा कंटाळा आलाय, म्हणून ही कुरकुर चालली आहे. वल्लरी रविवारी आली की तिच्यासमोर ते याची थट्टा करत. “आमच्या कमिटीत एक मेंबर अशी आहे की तिला एकही टेंडर पसंत पडत नाही,” म्हणत. वल्लरी हसायची. तीही आईला म्हणायची, “आई, यार, थोडा एक्सरसाइज कर ना. एवढंसं तर आहे ते.” एकदाच विनया म्हणाली की मला ते जड लागतं, खोटं कशाला सांगेन. त्यावर नवाथे म्हणाले, “तुला काय वाटतं ते सोड. वाटण्यावर माल नाकारता येत नाही. काटा काय म्हणतो ते बघ.”

त्या दिवसांत घरात आणखीही काही काही होत होतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण विनया मुकाट्याने नवऱ्यापुढे आणून ठेवायची. साडीऐवजी ती कुडते घालू लागली होती, कारण निऱ्या धरवत नव्हत्या. पोळ्या लाटायला तिने बाई लावली आणि गुडघ्यांचं कारण सांगितलं. कधीकधी जेवताना तिच्या दंडाची कातडी आतल्या आत फडफडे. ती पदराने, नंतर ओढणीने, ती जागा झाकायची. नवाथ्यांना यातलं बरंचसं दिसत होतं. ते आंधळे नव्हते. पण झाकण घट्ट होतं, कुडता दिल्लीत सगळ्याच बायका घालतात, आणि गुडघे या वयात कुणाचे दुखत नाहीत? प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे वेगळं, चोख कारण होतं. सगळ्या गोष्टी एका रांगेत उभ्या करून बघायचं त्यांना सुचलं नाही. किंवा सुचलं असेल आणि भीती वाटली असेल. माणूस स्वतःशीच किती लबाडी करतो, याचा हिशेब कुणाला लागलाय.

दिवाळीचा फराळ दर वर्षी नवाथ्यांकडे असायचा. खालच्या मजल्यावरचे खंडेराव आणि त्यांची बायको चेतना, सोसायटीतली आणखी दोनतीन मराठी घरं, वल्लरी, असे सगळे जमले. बाहेर धुराने श्वास घ्यायची सोय नव्हती, म्हणून खिडक्या बंद होत्या. चकल्या या वर्षी विकतच्या होत्या. चेतनाने त्या उचलल्या, विनयाकडे पाहिलं आणि मग खाल्ल्या. खंडेरावांना मुलासाठी लॅपटॉप घ्यायचा होता. त्यांनी विचारलं, नवाथेसाहेब, तुमचं ते मशीन पास झालं की नाही?

नवाथ्यांना कुणी विचारायचाच अवकाश होता. त्यांनी आत जाऊन लॅपटॉप आणला आणि सगळ्यांसमोर त्याचं पुराण सुरू केलं. बॅटरी, पडदा, बिजागऱ्या. मग म्हणाले की एवढं सगळं असूनही आमच्या घरात याच्यावर जडपणाचा आरोप आहे. लोक हसले. खंडेरावांनी तो दोन बोटांत धरून उचलला आणि, कमाल आहे, हा तर काहीच नाही, म्हणाले. त्यांच्याकडून तो चेतनाकडे गेला, चेतनाकडून वल्लरीकडे. जो तो एका हाताने तोलून पुढे देत होता. विनया फराळाचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “राहू द्या ना हो,” ती म्हणाली. नवाथ्यांनी तिच्या हातातलं ताट काढून टेबलावर ठेवलं.

“घे,” ते म्हणाले. “सगळ्यांसमोर उचल. डाव्याच हाताने. एकदाचा निकाल लागू दे.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नाही म्हणता आलं असतं. पण भरल्या घरात, सणाच्या दिवशी, त्यांचा शब्द खाली पाडायला तिला जमलं नाही. तिने डावा हात पुढे केला. वल्लरीने लॅपटॉप त्यावर ठेवला आणि आपला हात काढून घेतला. क्षणभर तो तिच्या तळव्यावर होता. मग बोटं उलगडली. तिने ती मिटायचा प्रयत्न केला, हे सगळ्यांना दिसलं, कारण तिचा सगळा चेहरा त्या प्रयत्नात गोळा झाला होता. लॅपटॉप कोपऱ्यावर आपटला आणि फरशीवर उताणा पडला.

नवाथे झटकन खाली वाकले, त्यांनी लॅपटॉप उचलला, झाकण उघडून बिजागरी पाहिली, पडद्यावरून बोट फिरवलं. “वाचला,” ते म्हणाले. मग त्यांनी वर पाहिलं. खोलीतली सगळी माणसं विनयाकडे बघत होती. एकटे तेच काय ते मशीनकडे बघत होते.

चेतनाने विनयाचा हात आपल्या हातात घेतला होता. वल्लरी जवळ आली आणि तिने तो हात उजेडात धरला. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग कुणी खरवडून काढावा तसा खोल गेला होता. आणि कातडी एकसारखी फडफडत होती.

“बाबा,” वल्लरी म्हणाली, “आईचा हात बघा.”

नवाथ्यांनी पाहिला. त्या हाताने इतकी वर्षं त्यांना वाढलं होतं, आणि आपण तो शेवटचा नीट कधी पाहिला हे त्यांना आठवेना. पाहुणे चहा न घेताच उठले.

पुढचं सगळं इस्पितळातलं आहे आणि ते लांबवण्यात अर्थ नाही. मानेचा एमआरआय झाला, रक्त तपासलं, स्नायूंत सुया टोचून त्यांतली वीज मोजली गेली. न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी विनयाच्या हातात पकड मोजायचं यंत्र दिलं. तिने जीव तोडून दाबलं. काटा जरासा हलला आणि परत जागेवर आला. नवाथे शेजारीच बसले होते. आयुष्यभर ज्या काट्यावर विश्वास ठेवला तो काटा आता त्यांच्या बायकोबद्दल सांगत होता, आणि पहिल्यांदाच त्यांना तो खोटा असावा असं वाटलं. त्यांनी विचारलंदेखील, मशीन तपासलेलं आहे ना? बाई रागावल्या नाहीत. त्यांनी नवाथ्यांच्या हातात ते दिलं, आणि नवाथ्यांनी दाबल्यावर काटा सर्रकन वर गेला.

रोगाचं नाव सांगायला बाईंनी आणखी काही आठवडे घेतले, दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवलं. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरतात. आधी एक हात जातो, मग दुसरा, मग पाय, मग गिळणं, बोलणं, श्वास. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहते. औषध आहे, पण ते चाल जराशी मंद करतं, थांबवत नाही. हे सगळं त्यांनी हिंदीत, सावकाश, दोघांकडे बघत सांगितलं. मग फाइल भरता भरता विचारलं की पहिल्यांदा कधी जाणवलं. नवाथ्यांनी तोंड उघडलं, पण विनयाने आधी उत्तर दिलं. जूनमध्ये, ती म्हणाली, नवा लॅपटॉप आला तेव्हा.

नवाथे एकदम पुढे सरकले. तेव्हाच आणलं असतं तर काही झालं असतं का, हे त्यांनी बाईंना एकदा विचारलं, दोनदा विचारलं, निघताना दारातून परत फिरून पुन्हा विचारलं. बाईंनी तिन्ही वेळा तेच सांगितलं. निदान थोडं आधी झालं असतं, गोळी थोडी आधी सुरू झाली असती, पण रोगाने आपला रस्ता सोडला नसता. फारसा फरक पडला नसता.

फारसा फरक पडला नसता, या चार शब्दांवर नवाथ्यांनी तो हिवाळा काढला. घरी कुणी भेटायला आलं की ते आपणहून सांगत. खंडेरावांना सांगितलं, वल्लरीला फोनवर सांगितलं, पुण्याच्या मेव्हणीला सांगितलं. ऐकणारा मान हलवायचा आणि नवाथ्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. वल्लरीने मात्र एकदा, बाबा, प्लीज, आता नको, म्हणून फोन ठेवून दिला.

विनयाने कोल्हापूरला फोन करून येत नसल्याचं कळवलं. तब्येत बरी नाही एवढंच सांगितलं. पलीकडून पुढच्या वर्षी नक्की या असं कुणीतरी आपुलकीने म्हणालं, आणि तिने हो म्हटलं. कोपर्निकस मार्गाचं काम तिने थोडे दिवस घरून केलं. उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायची. मग त्या बोटालाही कंप सुटला. नवाथे म्हणाले, तू सांग, मी टाइप करतो. त्यांना मराठी टाइपिंग येत नव्हतं, ते एकेक अक्षर शोधत बसायचे आणि ती वाक्य डोक्यात धरून वाट बघायची. एक दिवस तिने सांगितलं की राहू द्या, हे काम आता दुसऱ्या कुणाला जाऊ दे. त्यानंतर फोन येणं बंद झालं.

जानेवारीच्या अखेरीला धुकं जरा कमी झालं आणि दुपारी बाल्कनीत ऊन यायला लागलं. नवाथ्यांनी तिची खुर्ची तिथे नेली, शाल पायांवर घातली. संत्र्याच्या फोडी सोलून, बिया काढून, एकेक तिच्या तोंडात देत होते. वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूने खाली आवारातून हात केला आणि काकूंची तब्येत विचारली. नवाथ्यांनी कठड्यावरून वाकून त्यालाही सगळं सांगितलं. शेवटी, आधी समजलं असतं तरी काही फारसा फर्क नहीं पड़ता, डॉक्टरच म्हणतात, हेही सांगितलं. तो माणूस हात जोडून आत गेला. नवाथे परत येऊन बसले आणि पुढची फोड सोलू लागले.

विनयाने तोंड फिरवलं. तिचं बोलणं अजून स्पष्ट होतं, फक्त हळू झालं होतं.

“सारखं सारखं ते काय सांगता सगळ्यांना?” ती म्हणाली.

“खरं तेच सांगतो. तू ऐकलंस ना त्या काय म्हणाल्या ते? जूनमध्ये आणलं असतं तरी...”

“औषधाचं नाही म्हणत मी.” ती थांबली, तिने श्वास घेतला. “मला तेव्हाच कळलं होतं. मशिनीत काही नाही, माझ्यात आहे, हे मला पहिल्याच दिवशी मेट्रोत कळलं. तुम्हाला जड आहे म्हणून सांगत होते ते तुम्ही विचारावं म्हणून. काय होतंय, विनया, एवढंच. तुम्ही काटा दाखवत राहिलात. मी इतके महिने एकटीच घाबरत होते हो.”

नवाथ्यांच्या हातात फोड तशीच राहिली. डॉक्टरीण बाईंनी दिलेलं वाक्य त्यांच्या जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं, कारण या गोष्टीला ते लागू नव्हतं. इथे फरक पडला असता. एका प्रश्नाने पडला असता, आणि तो विचारायची मुदत त्या सगळ्या महिन्यांत कधीच उलटली नव्हती. त्यांना रडू आलं. ते त्यांनी आवरलं नाही, तिच्यासमोर तसेच बसून राहिले.

विनयाने त्यांचे डोळे पुसायला हात उचलायचा प्रयत्न केला. हात मांडीवरून जरासा वर आला आणि शालीवर पडला.